ठिणगी कुठे अडली?

वसईजवळील गाससारख्या किनारपट्टीतील गावात पावसाळ्यात पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक सकाळी सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, पेट्रोल आहे, पण इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी संशय डिस्ट्रिब्यूटरवर जातो. गॅरेजमध्ये त्याला ‘डेल्को’ म्हणतात. १९०९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या डेल्को कंपनीचे हे नाव.

या यंत्राची कामे दोन. त्यातील पॉइंट उघडले की कॉइलमधील प्रवाह एकदम तुटतो. चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि फॅरेडेच्या नियमानुसार १२ व्होल्टपासून हजारो व्होल्ट दाब निर्माण होतो. मग फिरणारा रोटर हा दाब कॅपमधून क्रमाने प्रत्येक प्लगकडे पाठवतो. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५० ठिणग्या लागतात!

दोष शोधताना मार्गाचे दोन भाग करावेत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा. पेट्रोल कुठे गळत नाही ना, हे पाहावे. कॉइलची मधली वायर कॅपमधून काढून रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूपासून ५-६ मिलिमीटरवर धरावे व स्टार्टर फिरवावा. निळसर, जोरकस ठिणगी पडली तर कॉइल आणि पॉइंट ठीक आहेत. दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे. ठिणगी पडली नाही, तर दोष अलीकडे आहे.

अलीकडच्या भागासाठी कॉइलचे पॉइंटकडील टोक व इंजिनचा धातू यांमध्ये १२ व्होल्टचा दिवा जोडावा. स्टार्टर फिरताना तो लुकलुकला तर पॉइंट काम करत आहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा जळाले आहेत. मुळीच पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीत अथवा वीजच पोचत नाही. जळालेले पॉइंट बदलताना कंडेन्सरही बदलावा. तो निकामी असला तर नवे पॉइंटही लवकर जळतात.

कॅप ओली असेल तर पुसून, वाळवून भागते. आत काळी, केसासारखी रेषा दिसली तर मात्र कॅप बदलावीच लागते. ती रेषा कार्बनची असते. सिलिंडरमधील दाबलेल्या हवेतून उडी मारण्यापेक्षा विजेला हा मार्ग सोपा वाटतो.

वर्गात हे दाखवता येईल. कागदावर मऊ पेन्सिलने जाड, आखूड रेषा ओढावी आणि ९ व्होल्टची बॅटरी व एलईडी तिच्यातून जोडावी. एलईडी मंद उजळतो. विद्यार्थ्यांना विचारावे : कॅप कितीही पुसली, तरी ट्रक का सुरू होत नाही?