ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक आणि उच्चाराचा पुरावा

भाषेच्या इतिहासाचा अभ्यासक हा बहुतांशी लिखिताचा बंदा असतो. शिलालेख, ताम्रपट, पोथ्या, बखरी आणि छापील पुस्तके यांच्या आधारे तो गतकाळातील उच्चाराविषयी अनुमाने बांधतो, आणि लिपीने जे सांगितले नाही ते व्याकरणकारांच्या एखाददुसऱ्या सूत्रावरून भरून काढतो. मराठीपुरते बोलावयाचे तर ही अडचण लहान नाही. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी तालव्य ज-काराने उच्चारला जातो आणि जगणे या क्रियापदाच्या आज्ञार्थी दन्त्य ज-काराने. लिपीत मात्र दोहोंची मुद्रा एकच. अन्त्य अ-काराचा लोप लिपी दाखवीत नाही. उलट, १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी लिहिले जाणारे कित्येक अनुस्वार उच्चारातून केव्हाच गेलेले होते, तरी लिपी ते दाखवीत राहिली. अशा स्थितीत मराठी कंठातून प्रत्यक्ष निघालेला ध्वनी जेथे साठविलेला आहे ते साधन भाषाशास्त्रज्ञाला मोलाचे वाटावे हे स्वाभाविक आहे. हे साधन म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. परंतु तिचा मोठा साठा विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नाही. तो संगीतवेड्या गृहस्थांच्या कपाटांत, पलंगाखालच्या पेट्यांत आणि माळ्यांवर आहे. या साधनाचे स्वरूप काय, त्यावर कितपत विसंबावे, आणि ते ज्यांनी राखले त्यांच्या कार्यपद्धतीतून आपण काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. 'तबकडी' हा शब्द मूळ अरबी 'तबक' या शब्दाला मराठी लघुत्ववाचक प्रत्यय लागून बनलेला. पानसुपारीचे तबक आणि गाण्याची तबकडी ही एकाच घरातली भावंडे होत. 'ध्वनिमुद्रिका' हा संस्कृतोद्भव शब्द छापील मजकुरात व निवेदनात रुळला, पण संग्राहक आपसांत बोलताना तो क्वचितच वापरतात. त्यांच्या तोंडी 'रेकॉर्ड' हाच शब्द, तोही मराठीत स्त्रीलिंगी होऊन बसलेला. तबकडीच्या द्रव्यातील लाख ही तर या भूमीचीच. 'लाक्षा' या संस्कृत शब्दाची ती वंशज. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून जुनी तबकडी दाबून काढीत. हल्ली ज्याला 'व्हिनाइल' म्हणतात ते द्रव्य दीर्घ मुद्रिकांबरोबर १९४८ नंतर प्रचारात आले.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आला आणि तेथे हिंदुस्थानातील पहिली व्यापारी मुद्रणे झाली. गौहर जान ही त्या मुद्रणांतील सर्वांत गाजलेली गायिका. मराठी रंगभूमीच्या दृष्टीने हे वर्ष चुटपुट लावणारे आहे, कारण भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या गायनाची वर्णने आपल्यापाशी विपुल आहेत, आवाज नाही.

मेणावर घेतलेले हे मुद्रण जर्मनीत हॅनोव्हर येथे जाई व तेथे तबकड्या तयार होऊन परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत हाच क्रम होता. हॅनोव्हरच्या कारागिरास गाणे कोणाचे हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गायकाने स्वतःचे नाव उच्चारावे अशी प्रथा पडली. गौहर जानची 'माय नेम इज गौहर जान' ही इंग्रजी ललकारी सर्वश्रुत आहे. अलाहाबादच्या जानकीबाईही आपले नाव व गाव सांगत. संगीताच्या रसिकांना ही गमतीची गोष्ट वाटते, आणि मैफलीत तेवढ्या भागाला हमखास हशा मिळतो. भाषाभ्यासकाला मात्र ती गमतीहून अधिक काही देते. अडीच-तीन मिनिटांच्या गायनानंतरचे ते दोन सेकंद बोललेले असतात, गायिलेले नसतात. सुराच्या बंधनातून सुटलेला, धाप लागलेला, किंचित घाईतला असा तो उच्चार आहे. माझ्या मते जुन्या तबकडीतील सर्वांत शुद्ध भाषिक पुरावा हाच होय, आणि पुनर्मुद्रण करताना अनेकांनी तोच कापून टाकला आहे.

आता या पुराव्याच्या मर्यादा पाहू. १९२५ पूर्वीचे मुद्रण केवळ कर्ण्याच्या साहाय्याने होई. गायक कर्ण्यात तोंड घालून गाई आणि त्या हवेच्या कंपनांनीच सुई हलून मेणावर रेघ उमटे. या रीतीने स्थूलमानाने सेकंदाला दोनशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंतची कंपनेच काय ती नीट पकडली जात. स-काराचे घर्षण याच्या पुष्कळ वरच्या पट्ट्यात असते. श-काराचेही बरेचसे तेथेच. तेव्हा एखादा गायक 'श'च्या जागी 'स' म्हणत होता असे १९०७ च्या तबकडीवरून ठरवू पाहणे म्हणजे अंधारात रंग ओळखण्यासारखे आहे. दन्त्य व तालव्य च-काराची गतही तीच. तेथे पुढील स्वरावर पडणारी व्यंजनाची छायाच पाहावी लागते. स्वर मात्र या यंत्रातून बऱ्यापैकी पार पडतात. १९२५ मध्ये विद्युत्-मुद्रण आल्यावर वरचा पट्टा वाढला आणि ऊष्मवर्ण ऐकू येऊ लागले. बालगंधर्वांचे मुद्रण दोन्ही काळांत झालेले आहे. त्यांची पूर्वीची आणि नंतरची तबकडी लागोपाठ ऐकली असता उच्चार सुधारल्याचा भास होतो. वस्तुतः सुधारलेले असते ते यंत्र.

दुसरी अडचण वेगाची. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते हे सर्वांस ठाऊक आहे, पण हा आकडा पुढे स्थिर झाला. आरंभीच्या दोन दशकांत मुद्रणाचा वेग सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कोठेही असे. ७२ फेऱ्यांवर घेतलेले गाणे ७८ वर वाजविले तर सगळी कंपने सुमारे आठ टक्क्यांनी चढतात. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्याही किंचित वर गेलेला ऐकू येतो. संगीताच्या अभ्यासकाला यात पट्टीचा घोटाळा दिसेल. आपल्याला त्याहून मोठा घोटाळा दिसला पाहिजे, कारण स्वरांची ओळख ज्या अनुनादांवर अवलंबून असते तेही त्याच प्रमाणात चढतात, आणि सगळी बोली अधिक 'उघडी' व उतावीळ वाटू लागते. वेग निश्चित केल्याशिवाय घेतलेले कोणतेही मोजमाप स्वीकारू नये.

तिसरी अडचण यंत्राची नसून गाण्याचीच आहे. पदात आणि अभंगात अन्त्य अ-कार उच्चारला जातो. बोलताना व्यंजनान्त असलेला 'घर' गाताना स्वरान्त होतो. दीर्घ-ऱ्हस्वाचे माप ताल ठरवितो. शिवाय तार सप्तकात मूळ नादाची कंपनसंख्या चारशेच्या आसपास वा त्याही वर गेली की तिचे उपनाद एकमेकांपासून इतके दूर पडतात की स्वराचा अनुनाद नेमका कोठे आहे हे सांगता येत नाही. म्हणून मंद्र व मध्य सप्तकातील शब्द निवडावेत, आणि तानेतील आ-काराच्या वाटेस जाऊ नये. इतके पथ्य पाळूनही शोधण्याजोगे प्रश्न उरतात. दीनानाथ मंगेशकर, ज्योत्स्ना भोळे यांसारखे गोव्यात जन्मलेले कलावंत मराठी पदे व भावगीते गायिले. कोकणीत संवृत व विवृत ए-ओ यांचा भेद अर्थभेदक आहे, प्रमाण मराठीत तो नाही. त्यांच्या मराठी गायनात हा भेद कोठे डोकावतो काय? विद्युत्-मुद्रणाच्या काळातील तबकड्यांवरून हा प्रश्न निदान विचारता येतो.

बोललेल्या भाषेच्याच तबकड्या काढण्याचा प्रयत्नही झाला होता. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाला पूरक म्हणून १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या भाषा व बोलींचे नमुने मुद्रित करण्यात आले. त्यांत उधळ्या पुत्राचा दृष्टान्त बोलीबोलींतून सांगितलेला आढळतो. आज शिकागो विद्यापीठाच्या प्रयत्नाने ती मुद्रणे घरबसल्या ऐकता येतात. मात्र ठरीव मजकूर यंत्रापुढे म्हणणारा माणूस सावधपणे बोलतो हा दोष तेथेही आहेच.

गाण्याच्या तबकड्यांना असा सरकारी आश्रय नव्हता. त्या टिकल्या त्या छंदिष्टांमुळे. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, विकावयास काढलेले वाडे येथून त्या वेचून आणणाऱ्या माणसांची एक स्वतंत्र शिस्त आहे, आणि ती आपल्या पाठचिकित्सेच्या शिस्तीशी विलक्षण जुळते. वरच्या कागदी चकतीवरील मजकुरावर जाणता संग्राहक विश्वास ठेवीत नाही. तेथे नावे चुकतात, राग चुकतात. एकच मुद्रण निराळ्या क्रमांकाने पुन्हा विकावयास येते. तो तबकडी तिरपी धरून चकतीजवळच्या गुळगुळीत भागात दाबलेला मूळ मुद्रणाचा क्रमांक वाचतो. एकच पद एकाच गायकाने दोनदा मुद्रित केले असेल तर ते तेथे कळते. पोथीच्या पुष्पिकेवरून प्रतीची परंपरा लावणे आणि हे काम यांत तत्त्वतः भेद नाही.

मात्र क्रमांकाने सर्व उलगडत नाही, आणि येथेच सहश्रवणाचे महत्त्व येते. चार-सहा संग्राहक एकत्र बसतात, प्रत्येकजण आपापली तबकडी आणतो, आणि ऐकता ऐकता वाद सुरू होतो. हा आवाज अमक्याचा नव्हे, तमक्याचा. ही पेटी त्या वादकाची नव्हे. ही चाल नाटकातली नाही, नंतर बदललेली आहे. एकट्याने कपाट भरणारा मनुष्य धनी होतो, जाणकार होत नाही. चुकीची ओळख वर्षानुवर्षे उराशी धरून बसतो. चारचौघांत तबकडी वाजली की ती ओळख तपासली जाते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने अशी श्रवणसत्रे भरविली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे पत्र काढून संग्राहकांच्या याद्या व टिपणे छापिली. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधील हिंदी मुद्रणांची सूची सिद्ध केली; ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केली. ही सर्व कामे विद्यापीठांबाहेर, रसिकांच्या देवघेवीतून झाली, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

या देवघेवीतही एक कच्चा दुवा आहे. संग्राहकाचे पुष्कळसे ज्ञान तोंडी असते. कोणत्या तबकडीचा वेग किती धरावा, कोणती चकती खोटी, हे त्याच्या स्मरणात असते, वहीत नसते. त्याच्या पश्चात तबकड्या कोणीतरी विकत घेतो. ते ज्ञान विकत घेता येत नाही. म्हणून ज्या विद्यार्थ्यांना या विषयात काम करावयाचे आहे त्यांनी केवळ प्रती मागून आणू नयेत. श्रवणसत्राला बसावे आणि तेथील वाद तबकडीच्या मूळ क्रमांकासह उतरून घ्यावेत. त्यांना असेही आढळेल की संग्राहकांचा कान उच्चाराच्या बाबतीत आपल्या अपेक्षेपेक्षा तीक्ष्ण असतो. अमुक गायिका पुण्याची नव्हे, बेळगावकडची, असे ते च-कारावरून सांगतात.

प्रत काढण्याविषयी काही व्यवहाराच्या सूचना. जुनी तबकडी दीर्घ मुद्रिकेच्या सुईने वाजवू नये. जुन्या रेघेस सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते; दीर्घ मुद्रिकेची सुई सुमारे एक सहस्रांश इंचाची असल्याने ती रेघेच्या तळाशी खडखडत राहते. पोलादी पिन तर लावूच नये. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. व्हिनाइलला ते चालते, म्हणून ही चूक सहज घडते. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा तबकड्या उभ्या व कोरड्या जागी ठेवाव्यात. अलीकडे व्हिनाइलची आवड पुन्हा वाढली आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये नगांच्या हिशेबाने तिची विक्री सीडीच्या पुढे गेली. या नव्या हौसेचा आपल्याला लाभ इतकाच, की फिरते तबक आणि सुया पुन्हा बाजारात मिळू लागल्या. पहिली प्रत खरखरीसह, काहीही न गाळता काढावी, वेगाची नोंद तिच्याबरोबर ठेवावी, आणि सफाई करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर करावी. कारण खरखर काढणारे यंत्र स-काराला खरखरच समजते.