ग्राहकयाचना-निर्बंध

व्यवसाय, भागीदारी वा नोकरी सोडलेल्या व्यक्तीने पूर्वीच्या पेढीच्या ग्राहकांकडे स्वतःसाठी गिऱ्हाइकी मागू नये, या आशयाचा कायद्याने किंवा कराराने येणारा निर्बंध. पेढीचा नावलौकिक आणि व्यक्तीचे उपजीविकेचे स्वातंत्र्य यांचा मेळ घालणे, हा अशा तंट्यांतील मूळ प्रश्न होय.

नावलौकिक विकणाऱ्यास प्रतिस्पर्धी व्यवसाय काढता येतो. मात्र विकलेल्या पेढीच्या जुन्या ग्राहकांना स्वतःकडे वळविता येत नाही, असे तत्त्व इंग्लंडच्या उमरावसभेने ट्रेगो वि. हंट (१८९६) या खटल्यात मांडले. विकलेली वस्तू विक्रेत्याने परत हिरावून घेऊ नये, हे त्यामागील कारण. ग्राहक आपण होऊन आल्यास ती याचना ठरत नाही.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३६ नुसार निवृत्त भागीदारास स्पर्धेचा व जाहिरातीचा हक्क आहे. परंतु विरुद्ध करार नसल्यास त्याला पेढीचे नाव वापरता येत नाही, तसेच पूर्वीपासून पेढीशी व्यवहार करणाऱ्यांकडे गिऱ्हाइकी मागता येत नाही.

नोकराची स्थिती निराळी आहे. इंग्लंडमध्ये वाजवी निर्बंध ग्राह्य ठरतो. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मध्ये मात्र वाजवीपणाची कसोटी नसून, नावलौकिकाच्या विक्रीसारखे अपवाद वगळता, व्यापारास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. कल्याण येथील टायर-कॉर्ड कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने (१९६७) नोकरीच्या मुदतीपुरता निर्बंध वैध मानला. मुदत संपल्यानंतरचा निर्बंध कलम २७ खाली टिकत नाही, ही भूमिका परसेप्ट डी’मार्क खटल्यातही (२००६) कायम राहिली.

याचा अर्थ नोकराला सर्व मोकळीक मिळते असा नव्हे. धन्याच्या वहीतून ग्राहकांची नावे-पत्ते उतरवून नेणे हा विश्वासभंग होय, असे रॉब वि. ग्रीन (१८९५) या इंग्लिश खटल्यात ठरले. यादी व गोपनीय दर ही पेढीची मालमत्ता समजली जाते. अनुभवाने अंगी आलेले कौशल्य मात्र नोकराचे स्वतःचे असते. या दोहोंमधील सीमारेषा पुराव्यावरूनच आखावी लागते. म्हणून ग्राहकाशी झालेल्या संपर्कापेक्षा, तो कोणत्या माहितीच्या आधारे साधला गेला, हा प्रश्न नोकराविरुद्धच्या दाव्यात अधिक निर्णायक ठरतो.