इंडोनेशियाचा फोडणीचा भात

आज आपण एका परदेशी भाताबद्दल बोलणार आहोत. नाव जरा वेगळं आहे, पण ओळख लगेच पटेल. भाताचं नाव ‘नासी गोरेंग’. इंडोनेशियाच्या भाषेत नासी म्हणजे शिजलेला भात आणि गोरेंग म्हणजे परतलेला किंवा तळलेला. म्हणजे काय, तर परतलेला भात. आपल्याकडे रात्रीचा भात उरला की सकाळी फोडणी देतो ना, तसाच तिथेही रात्रीचा भात सकाळी न्याहारीला परततात. संध्याकाळी रस्त्यावरच्या गाड्यांवरही तो मिळतो. काही गाडीवाले कढईवर ‘टेक टेक’ वाजवत गल्लीतून फिरतात, म्हणून त्या भाताला ‘नासी गोरेंग टेक-टेक’ असंही म्हणतात.

आता हा भात आपण का शिकायचा? दिवसभर शेतात राबून आल्यावर पुन्हा भाजी-आमटी-भाकरी असा सगळा स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. मुलं गाडीवरचा फ्राइड राइस मागतात. हा भात पंधरा-वीस मिनिटांत होतो, त्यात अंडं आणि भाजीही जाते. पण त्याआधी उरलेल्या भाताबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगते, कारण ती प्रत्येक घराशी जोडलेली आहे.

एकदा उन्हाळ्यात मी दुपारचा भात पातेल्यात झाकून ओट्यावरच ठेवला होता. संध्याकाळी चांगली खमंग फोडणी दिली. वास नव्हता, आंबलेला नव्हता. तरी रात्री घरातल्या दोन्ही पोरांना उलट्या सुरू झाल्या. मला वाटलं, एवढा गरम केला, मग काय झालं?

झालं ते असं. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाचा जंतू असू शकतो. त्याचे बीजाणू कडक कवचातले असतात, भात शिजवला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष परत गरम केल्याने जात नाही. म्हणजे भात कितीही परतला, तरी आधी तयार झालेलं विष तसंच राहतं. उलट्या साधारण एक ते सहा तासांत सुरू होतात. आणि भात दिसायला, वासाला चांगला असू शकतो. म्हणून वास घेऊन ठरवू नका, भात किती वेळ बाहेर होता ते आठवून ठरवा.

मग करायचं काय? घरात फ्रिज असेल तर उरलेला भात परातीत पातळ पसरा, गार होऊ द्या आणि तासाभरात डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वापरून टाका. फ्रिज नसेल तर शिळ्या भाताचा हट्ट धरू नका. संध्याकाळी ताजा भात थोड्या कमी पाण्यात मोकळा शिजवा, परातीत पसरा, वर पातळ कापड टाका, पंखा लावा. तासाभरात परतायला घ्या. एकदा परतलेला भात मात्र पुन्हा ठेवायचा नाही.

भात गार का हवा, तर गरम भात मऊ आणि ओलसर असतो, कढईत त्याचा लगदा होतो. गार झाला की त्यातला पिठूळपणा घट्ट होतो, शितं सुटी राहतात. तांदूळही तसाच घ्या. इंद्रायणी चिकट होते, त्यापेक्षा कोलम किंवा जुना तांदूळ बरा. कोकणातल्या मैत्रिणींनी उकडा तांदूळ घेतला तरी चालेल.

आता कृती. चार माणसांसाठी दोन वाट्या तांदळाचा भात घ्या. पाच-सहा छोटे कांदे, सहा-सात लसूण पाकळ्या आणि चार-पाच भिजवलेल्या लाल मिरच्या पाट्यावर जाडसर वाटा. इंडोनेशियातल्या बायकाही हे वाटण उथळ दगडी खलात रगडून करतात. तिथे त्यात ‘तरासी’ घालतात, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची घट्ट चटणी. आपल्याकडे जवळा किंवा सुकट असेल तर चमचाभर भाजून वाटणात घाला. शाकाहारी घरात हे सोडून द्या.

त्यांच्या भाताचा काळसर रंग आणि गोडसर चव ‘केचाप मानिस’मुळे येते. हा ताडमाडाच्या गुळाचा घट्ट, गोड सोया सॉस. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. म्हणून दोन मोठे चमचे साधा सोया सॉस आणि एक मोठा चमचा किसलेला गूळ मंद आचेवर विरघळवून घ्या. झालं काम.

लोखंडी कढई चांगली तापवा. तीन चमचे तेल घाला, वाटण घालून कच्चा वास जाईपर्यंत परता. मग बारीक चिरलेली कोबी, गाजर घालून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परता. हाताने मोकळा केलेला भात घाला. एका वेळी दोघांपुरताच घ्या. कढई भरली की ती गार पडते, भात परतण्याऐवजी वाफेत शिजतो. भात खणखणीत गरम झाल्यावरच गूळ-सोया घाला. आधी घातलं तर गूळ करपतो. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ शेवटी चाखून घाला.

वाढताना प्रत्येकाच्या ताटात भातावर एक तळलेलं अंडं, बाजूला काकडी-टोमॅटोच्या चकत्या. तिथे कोळंबीचे पापड देतात, आपण आपले पोह्याचे पापड तळू. अंडं खात नसाल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे घाला.

मैत्रिणींनो, हा भात कधी जमेल, कधी चिकट होईल, दुसऱ्यांदा नक्की सुधारेल. पण भात तासन्‌तास कोमट ठेवायचा नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. गटाच्या बैठकीत एकमेकींना सांगा, आणि घरात भात जी करते, मग ती सासू असो, सून असो की लेक, तिलाही सांगा.