न ठिबकणारी गळती

मालवाहू ट्रकच्या डिझेल इंजिनात दोन द्रव सतत फिरत असतात. डिझेल टाकीतून निघते ते जळण्यासाठीच. ऑइल मात्र तळाच्या चेंबरमधून पंपाने वर चढते, बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि लायनर यांना भिजवते आणि परत चेंबरमध्येच उतरते. त्यामुळे डिझेल संपण्याचा हिशेब मालक रोज मांडतो, तर ऑइल एका बदलीपासून दुसऱ्या बदलीपर्यंत जवळपास तेवढेच राहावे अशी त्याची अपेक्षा असते. 'गाडी ओढत नाही' आणि 'गाडी ऑइल खाते' या ट्रकच्या गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येणाऱ्या दोन तक्रारी या दोन द्रवांविषयीच्या आहेत. त्यांचे निदान करताना जमिनीवरचा डाग फारसा त्रास देत नाही, कारण तो स्वतःच आपली जागा सांगतो. कसोटी लागते ती जी गळती कोठेही ठिबकत नाही तिच्या शोधात.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सतराव्या हिश्शापर्यंत दाबली गेली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे चालवून दाखवलेल्या इंजिनात ही फवारणी दाबलेल्या हवेच्या जोरावर होत असे. १९२७ साली बॉश कंपनीने मोठ्या प्रमाणावर तयार केलेला फवारणी पंप बाजारात आणल्यावर हे इंजिन ट्रकच्या बॉनेटखाली सुटसुटीतपणे मावू लागले. बंगळुरात १९५१ साली स्थापन झालेल्या आणि हे पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचे नाव या पंपाला आपल्याकडे असे चिकटले की जुने मिस्त्री अजूनही त्याला मायको पंपच म्हणतात. टाकीतली जाळी, फीड पंप, फिल्टर, उच्च दाबाचा पंप आणि नोझल हा डिझेलचा क्रम आहे, आणि निदानाची पहिली रेघ या क्रमात फीड पंपाशी ओढली जाते. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकलले जाते, म्हणून तिथला सांधा सैल असला की डिझेल बाहेर येते आणि दिसते. त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला, ते ओढले जाते. तिथे पाइपला बारीक चीर गेली किंवा सांध्यातले तांब्याचे वॉशर चपटे झाले, तर चालत्या इंजिनात डिझेलचा थेंबही बाहेर न पडता हवा आत खेचली जाते. हवा दाबली जाते पण डिझेल जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा धक्का तो बुडबुडाच गिळतो, नोझल उघडत नाही आणि इंजिन बंद पडते. 'गाडीने एअर घेतली' असे म्हणतात ते यालाच.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या गॅरेजमध्ये या दोषाचा शोध अगदी साध्या साधनांनी घेतला जातो. मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू एक-दीड आटा सैल करतो आणि फीड पंपावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा छोटा पंप, तळहाताने मारू लागतो. आधी स्क्रूच्या कडेने पांढरट फेस फसफसत येतो, मग फेसात डिझेलचे तुटक ओघळ दिसतात आणि शेवटी बुडबुड्याविना सलग धार लागते; त्या धारेतच स्क्रू आवळला जातो, कारण धार थांबल्यावर आवळला तर हवा पुन्हा आत शिरते. एवढ्याने गाडी सुरू होते, पण दोष जात नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा प्रायमर मारावा लागला, तर टाकीकडची नळी काढून तिच्याऐवजी पारदर्शक नळी लावतात आणि तिचे दुसरे टोक डिझेलच्या डब्यात सोडतात. डब्यातून डिझेल घेताना इंजिन नीट चालले आणि नळीत एकही बुडबुडा दिसला नाही, तर दोष टाकी आणि तिच्या नळीत आहे. बुडबुडे तरीही आले, तर तो फीड पंपाच्या जवळपास आहे. अर्ध्या तासाच्या या खटपटीने पंप उतरवण्याचा खर्च अनेकदा वाचतो.

सपाट रस्त्यावर धावणारा ट्रक कसारा किंवा खंबाटकीच्या घाटात दम तोडू लागला, तर संशय आधी फिल्टरवर जातो. चढावर भरलेल्या गाडीला सर्वांत जास्त डिझेल लागते, म्हणून अर्धवट तुंबलेला फिल्टर किंवा टाकीतली गाळाने भरलेली जाळी सपाटीवर लपून राहते आणि घाटात उघडी पडते. पावसाळ्यात पाण्याची भर पडते. अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतली वाफ रात्री थंड पत्र्यावर जमून खाली उतरते, झाकणाचे रबर गेलेले असेल तर पावसाचे पाणीही शिरते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत घेतलेले डिझेल थोडा वेळ स्थिर ठेवले की जड असलेले पाणी तळाशी वेगळे दिसते.

उच्च दाबाच्या भागात जुन्या आणि नव्या इंजिनांची वाट वेगळी होते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत नोझल साधारण दोनशे बार दाबाला उघडे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट. त्यात एखादा सिलिंडर 'मिसिंग' करत असेल, तर मिस्त्री चालत्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करी. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही तर दोष त्याचाच. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या ट्रकमध्ये कॉमन रेल, म्हणजे सर्व नोझलांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी, रचना असते आणि तिच्यातला दाब दीड हजार बारच्याही पुढे जातो. चालत्या इंजिनात तो नट सैल करणे जिवावर बेतू शकते, कारण त्या दाबाची धार कातडी भेदून मांसात शिरते आणि वरून जखम टाचणीच्या टोकाएवढीच दिसते. इथे सिलिंडरची तुलना स्कॅनर करतो. नोझलची झीज मात्र चार किंवा सहा सारख्या बाटल्यांतही मोजता येते: प्रत्येक नोझलची परतीची नळी एकेका बाटलीत सोडून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवले की जी बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तिचा नोझल झिजलेला असतो.

ऑइलची तपासणी मोजमापाने सुरू होते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी, खुणेपर्यंत ऑइल भरावे, किलोमीटर लिहून ठेवावेत आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी पुढचा खप ताडून पाहावा. बाहेरची गळती शोधताना इंजिन धुऊन, कोरडे करून, त्यावर टाल्कम पावडर उडवतात आणि थोडा वेळ गाडी चालवतात; पांढऱ्या थरावर पहिली ओली रेघ कोठे उमटते ते पाहायचे असते. पंख्याचा आणि धावण्याचा वारा ऑइल मागे व खाली पसरवतो, म्हणून सर्वांत जास्त ओली जागा फसवी असते, तर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा उगमाची असते. सेकंदाला एक थेंब ही गळती किरकोळ वाटते. एका मिलीलीटरमध्ये पंचवीस थेंब धरले तरी दहा तासांच्या फेरीत जवळजवळ दीड लिटर ऑइल रस्त्यावर पडलेले असते.

इंजिन बाहेरून कोरडे असूनही ऑइल उतरत असेल, तर उरलेल्या वाटा एकेक करून बंद कराव्या लागतात. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेच्या टाकीत जाते, आणि टाकीचा ड्रेन कॉक उघडताच चिकट पिचकारी येते. ऑइल कूलर फुटला की रेडिएटरच्या पाण्यावर तवंग येतो. टर्बोचे सील गेले की इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचते आणि निळसर धूर निघतो, मात्र टर्बो उतरवण्यापूर्वी एअर फिल्टर पाहायला हवा, कारण तो तुंबला तर चांगल्या टर्बोतूनही ऑइल ओढले जाते. लायनर-रिंगांची परीक्षा ऑइल भरण्याच्या झाकणावर होते: चालत्या इंजिनात झाकण उलटे करून तोंडावर नुसते ठेवले आणि ते उडू-नाचू लागले, तर जळलेला वायू पिस्टनच्या कडेने चेंबरमध्ये उतरतो आहे किंवा तो बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला आहे. ब्रीदर साफ न करता क्रँकचे सील बदलले, तर तोच दाब नवे सीलही बाहेर ढकलतो.

या दोन तक्रारी जिथे एकमेकींत मिसळतात तिथे डिपस्टिकच खोटे बोलू लागते. उच्च दाबाच्या पंपाचे सील झिजले, नोझल फवारण्याऐवजी थेंब सोडू लागला किंवा सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी नवे इंजिन उशिराने जादा डिझेल सोडते तेव्हा त्यातले काही लायनरवरून खाली ओघळले, तर डिझेल चेंबरमध्ये पोचते. एका वाटेने दोन लिटर ऑइल जळत असेल आणि दुसऱ्या वाटेने दोन लिटर डिझेल येत असेल, तर पातळी जागच्या जागी राहते आणि ड्रायव्हर 'गाडी ऑइल खात नाही' असे समाधानाने सांगतो. प्रत्यक्षात ऑइल पातळ होते, तापल्यावर त्याचा दाब पडतो आणि बेअरिंग घासू लागतात. पातळी फारच वाढली तर हे मिश्रण ब्रीदरमधून हवेच्या मार्गात जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटते, आणि डिझेल बंद केले तरी थांबत नाही. त्याची हवा तोडावी लागते. हा दोष ओळखण्यासाठी डिपस्टिकवरचा थेंब शोषकागदावर टाकून ठेवतात: मध्यभागी काळा डाग आणि त्याच्याबाहेर दूरवर पसरलेले फिकट, डिझेलच्या वासाचे कडे दिसले, तर पंप आणि नोझल तपासल्यावाचून ऑइल बदलणे व्यर्थ आहे.

म्हणून प्रत्येक ट्रकमध्ये एक वही असावी आणि तिच्यात तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, वर टाकलेले ऑइल आणि डिपस्टिकची पातळी एवढे पाच आकडे न चुकता लिहावेत. उतरणारी पातळी मालकाला गॅरेजमध्ये आणतेच. न टाकता वाढलेल्या पातळीसाठी मात्र गाडी त्याच दिवशी उभी करावी.