आठ चवळ्या आणि एक उंटअळी

मृगाचा पाऊस लांबला की कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवड्याची पेरणी खोळंबते. एरवी ऊन, हवा आणि गुरुत्वाकर्षण पिकाला फुकट मिळते, म्हणून त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. इस्रोला मात्र चवळीच्या आठ दाण्यांसाठी तो ठेवावा लागला.

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० उडाले. उपग्रह सोडल्यावर रॉकेटचा चौथा टप्पा एरवी कचराच. इस्रोने तो ३५० किलोमीटर उंचीवर आणून त्याची प्रयोगशाळा केली. नाव पोएम-४. त्यावर २४ उपकरणे होती. मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पाठवलेल्या पालकाच्या पेशीही होत्या.

चवळी एका बंद पेटीत. पाणी द्यायला माणूस नाही. ओल, तापमान, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सगळे यंत्रानेच मोजायचे. वजनरहित अवस्थेत पाणी खाली मुरत नाही, चिकटेल तिथेच साचते. तरी चार दिवसांत कोंब फुटले, मग पानेही आली. कौतुक झाले, ते रास्तच. पण पहिल्या पानांपुरती शिदोरी दाण्यातच असते. खरी कसोटी शेंग धरण्याची, आणि ती इथे घ्यायचीच नव्हती.

मला त्याच टप्प्यावरचा यांत्रिक हात जास्त मोलाचा वाटतो. तिरुवनंतपुरमच्या इस्रो इनर्शियल सिस्टिम्स युनिटने तो घडवला. त्याला सात सांधे आहेत आणि त्याची चाल सोयाबीनवरच्या उंटअळीची: एक टोक घट्ट धरायचे, कमान करायची, दुसरे टोक पुढे टेकवायचे. जमिनीवर आपण पाय रोवून जोर लावतो. कक्षेत रोवायला काहीच नाही. हात एकीकडे वळला की त्याला धरणारे यानच उलट दिशेने कलू लागते. शिवाय जमिनीवरचे केंद्र एका फेरीत जेमतेम काही मिनिटे संपर्कात. प्रत्येक हालचाल खालून सांगत बसणे परवडत नाही, बरेचसे हातालाच उमजावे लागते. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा दुसरा एक हात तर तरंगती वस्तू कॅमेऱ्याने पाहून पकडायच्या सरावासाठी होता. अंतराळातला कचरा पुढे असाच वेचायचा आहे.

४ एप्रिल २०२५ रोजी पोएम-४ वातावरणात शिरले आणि हिंदी महासागरावर त्याचा शेवट झाला. भारताचे अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभे करायचे ठरले आहे. त्याच्या बाहेरच्या दुरुस्तीला चालता हात आधी लागेल. चवळीची उसळ त्यानंतर.