रात्रीं घराजवळील घुबडाचें छायाचित्र

समोरच्या चिंचेवर पिंगळा ओरडूं लागला, कीं त्याला हुसकून लावण्याची घाई अनेक घरांत अजूनहि होते. बंगालकडे घुबड लक्ष्मीचें वाहन म्हणून मान पावतें. आपल्याकडे त्याचें तोंड दिसणें अशुभ! अलीकडे मात्र त्याचें छायाचित्र घेण्याची हौस वाढली आहे, आणि त्यामुळें त्या बिचाऱ्याची नवीच पंचाईत झाली आहे.

या हौसेपायीं एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकारानें १९३७ सालीं वेल्समध्यें आपला डावा डोळा गमावला. रात्रीं तो घरट्याजवळील आडोशाकडे जात असतां तपकिरी घुबडानें त्याच्यावर झडप घातली. घुबडाच्या पंखाच्या पुढील कडेस फणीसारखे बारीक दाते असतात. त्यांनीं वारा विंचरला जातो व उड्डाणाचा आवाज होत नाहीं. पक्ष्याकडे अपराध कोणता? तो आपलें घरटें राखीत होता. हॉस्किंगनें त्यानंतरहि हा व्यवसाय सोडला नाहीं.

पिंगळा जेमतेम वीतभर. दिवस मावळतां तो ढोलींतून निघून बहुधा ठराविक फांदीवर वा तारेवर येऊन बसतो. रस्त्यावरील दिव्याभोंवतीं किडे जमतात, तेथेंहि तो येतो. म्हणून पहिले तीनचार दिवस कॅमेरा घरींच ठेवून नुसतें पाहावें. पुढें उजेड असतांनाच कॅमेरा तिपाईवर लावून ती फांदी नीट रेखून ठेवावी आणि दूर, स्वस्थ बसावें. घुबडाचे डोळे खोबणींत फिरत नाहींत, म्हणून तें मान वळवतें, आणि तीहि सुमारें २७० अंशांपर्यंत! मान वळून थांबली, कीं तोच क्षण साधावा. आजच्या कॅमेऱ्यांना संधिप्रकाश किंवा रस्त्यावरचा दिवा पुरतो. अंधारांत विस्फारलेल्या बाहुल्यांवर झगझगीत झोत टाकणें बरें नव्हे.

याहून वाईट खोड म्हणजे मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणें. आपल्या हद्दींत परका शिरला, असें समजून जोडपें त्याला हुसकण्यांत रात्र घालवतें. आणि फेब्रुवारी ते एप्रिल या विणीच्या दिवसांत तेवढा वेळ अंडींपिलें उघडीं पडतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घुबड पकडणें गुन्हा ठरला असला, तरी दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठीं तीं चोरून पकडलीं जातात. छायाचित्राखालीं झाडाचा ठावठिकाणा छापला, कीं पारध्याचें अर्धें काम होतें. जाणते छायाचित्रकार तेथें फक्त जिल्ह्याचें नांव घालतात.