खिशातून भरलेलं हॉस्पिटलचं बिल आणि ८०डी

तर मंडळी, पांढरकवड्याहून आईला नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं, विमा नव्हता, बिल तुम्ही भरलं. आईचं वय साठ किंवा जास्त असेल, तर ८०डीखाली वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. फक्त जुनी करप्रणाली हवी आणि पैसे रोख दिलेले नकोत. काउंटरवर नोटा मोजल्या की वजावट गेली! यूपीआय करा, पावती जपा.

तुमचं स्वतःचं बिल, साठीच्या आत, यात बसत नाही. लिंगबदल शस्त्रक्रियेचंही तेच. ८०डीडीबीच्या यादीत कॅन्सर आहे, किडनी निकामी होणं आहे, ही नाही. २०१९चा ट्रान्सजेंडर कायदा सरकारला या शस्त्रक्रियेची सोय करायला सांगतो, आयकर मात्र गप्प. मला हे पटत नाही. विम्याचा हप्ता तेवढा ८०डीत धरता येतो.